विश्लेषण : जर्मन ‘कुल्टूर’ इंग्रजीत आणणारे गॉर्डन चाइल्ड कोण होते? एका शब्दाच्या भाषांतरावर एवढे काय अवलंबून होते?

इनामगाव किंवा दायमाबादविषयीच्या बातमीत ‘जोर्वे संस्कृती’ हा शब्द हमखास येतो. वाचताना आपण सण, पोशाख, परंपरा असे काहीतरी गृहीत धरतो. पुरातत्त्वज्ञांना मात्र त्यातून वेगळेच सांगायचे असते : ठरावीक प्रकारची भांडी, हत्यारे, घरे आणि दफनपद्धती पुन:पुन्हा एकत्र सापडतात, म्हणून त्या गटाला दिलेले हे नाव. ‘संस्कृती’ या शब्दाचा हा तांत्रिक अर्थ विशेषत: जर्मन पुरातत्त्वात घडला, इंग्रजीत रुळला आणि तेथून भारतात आला. इंग्रजीत तो रुळवण्यात सर्वांत मोठा वाटा व्हिअर गॉर्डन चाइल्ड या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाचा. जर्मन शब्द उचलताना त्याला चिकटलेला वंशाभिमान बाजूला ठेवायचा, हे काम त्यांना आयुष्यभर पुरले. एकदा तर ते त्यात घसरलेही.

सिडनी ते ऑक्सफर्ड

चाइल्ड यांचा जन्म १४ एप्रिल १८९२ रोजी उत्तर सिडनीत झाला. वडील अँग्लिकन धर्मगुरू. मुलगा मात्र पुढे नास्तिक आणि डाव्या विचारांचा निघाला. सिडनी विद्यापीठात त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि तत्त्वज्ञान घेतले. पहिल्या वर्गाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१४ मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजमध्ये दाखल झाले. क्रीटमधील क्नोसॉस उत्खननामुळे जगप्रसिद्ध झालेले आर्थर एव्हान्स आणि जॉन मायर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रागैतिहासिक ग्रीसमधील इंडो-युरोपीय भाषिकांचा माग काढायला घेतला. म्हणजे सुरुवात भाषेपासून झाली. मातीची भांडी त्या मागोमाग आली.

पहिले महायुद्ध सुरू होते. चाइल्ड युद्धविरोधी गटात होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्यासोबत राहणारा मित्र होता रजनी पाम दत्त. बंगाली वडील आणि स्वीडिश आईचा हा मुलगा पुढे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख सिद्धांतकार झाला. ही मैत्री चाइल्ड यांना महागात पडली, कारण ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. १९१७ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा युद्धविरोधी मतांमुळे त्यांना शिक्षणक्षेत्रातील नोकरी टिकवता आली नाही.

मग ते राजकारणात शिरले. न्यू साउथ वेल्सचे मजूर पक्षाचे नेते जॉन स्टोरी यांचे ते खासगी सचिव झाले. स्टोरी १९२० मध्ये प्रांताचे पंतप्रधान झाले आणि त्या सरकारने चाइल्ड यांना कामासाठी लंडनला पाठवले. पण १९२१ मध्ये स्टोरी यांचे निधन झाले, त्यानंतर सरकार बदलले आणि १९२२ मध्ये लंडनमधल्या सचिवाची नोकरी गेली. तिशीतला हा पदवीधर परक्या शहरात बेरोजगार होता. मजूर पक्षाच्या कारभारावर त्यांनी लिहिलेले टीकात्मक पुस्तक १९२३ मध्ये आले, पण पुस्तकाने भाडे निघत नाही.

भाडे निघाले ते भाषांतरांतून. प्रकाशकांसाठी त्यांनी फ्रेंच इतिहासग्रंथ इंग्रजीत आणले; लेऑन ओमो यांचा प्राचीन इटलीवरील ग्रंथ त्यांपैकीच. पुढे १९२८ मध्ये ग्रेगरी बोरोव्हका यांच्या सिथियन कलेवरील पुस्तकाचे जर्मनमधून केलेले भाषांतरही प्रसिद्ध झाले. दरम्यान १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपालाची नोकरी मिळाली होती. युरोपभरातील नियतकालिके त्यांच्या टेबलावर येऊन पडत. इंग्लंडमधील बहुतेक पुरातत्त्वज्ञ ती उघडतही नसत. चाइल्ड ती वाचत. अनेक युरोपीय भाषा त्यांना वाचता येत असत. बोलताना मात्र उच्चारांची पुरती वाट लागे, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत वारंवार येते.

जर्मन शब्दांत नेमकी अडचण काय होती?

जर्मन भाषा शब्दाला शब्द जोडून नवा शब्द बनवते. पुरातत्त्वज्ञांना हे फारच सोयीचे. ओल्या मातीवर दोरी दाबून नक्षी काढलेली भांडी सापडली, की दोरी आणि मृद्भांडी हे दोन शब्द जोडायचे : ‘श्नूरकेरामिक’. पट्ट्यापट्ट्यांची नक्षी असेल तर ‘बांटकेरामिक’. ही दोन्ही नावे फ्रीडरिश क्लॉपफ्लाइश या जर्मन अभ्यासकाने १८८० च्या दशकात रूढ केली. अस्थिकलशांची दफनभूमी असेल तर ‘उर्ननफेल्डर’, म्हणजे कलशांची शेते. जर्मन वाचकाला नाव ऐकताच वस्तू डोळ्यांसमोर येते.

इंग्रजीत तसेच्या तसे आणले, की गाडी अडते. इंग्रजी इतके लांब सामासिक शब्द सहज पचवत नाही. प्रत्येक वेळी ‘दोरीच्या खुणांनी सजवलेल्या मातीच्या भांड्यांची’ असे लिहायचे, तर वाक्याचा श्वास अर्ध्यातच संपतो. मग कोणी ‘कॉर्डेड वेअर’ असे छोटे नाव काढले. ‘वेअर’ हा कुंभारकामाच्या बाजारातला जुना शब्द, त्यामुळे तो इंग्रजी वाटला आणि टिकला. ‘उर्ननफेल्डर’चे ‘अर्नफील्ड’ झाले. ‘श्ट्राइटआक्स्ट’चे ‘बॅटल-अ‍ॅक्स’, म्हणजे युद्धकुऱ्हाड. इथे शब्दाबरोबर एक अख्खी गोष्ट आली. दांडा बसवायला भोक पाडलेली दगडी कुऱ्हाड युद्धासाठीच होती हे नावातच ठरून गेले आणि ती वापरणारे लोक आपोआप लढवय्ये झाले.

सर्वांत यशस्वी भाषांतर मात्र चाइल्ड यांच्याआधीचे आहे. घंटा उलटी ठेवल्यासारख्या आकाराच्या पेल्यांना पाउल राइनेके यांनी १९०० मध्ये ‘ग्लॉकनबेखर’ म्हटले. ब्रिटनमध्ये अशा भांड्यांना तोवर ‘पिण्याचे पेले’ म्हणत. स्कॉटलंडचे लॉर्ड जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९०४ मध्ये त्यासाठी ‘बीकर’ हा शब्द आणला. जर्मन ‘बेखर’ आणि इंग्रजी ‘बीकर’ हे सख्खे भाऊच, त्यामुळे भाषांतर आहे हे कळतही नाही. आज प्राचीन डीएनएच्या शोधनिबंधांतही ‘बेल बीकर’ असेच लिहिले जाते. योगायोग असा, की अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या मृत्युपत्रातील पैशातून एडिंबरा विद्यापीठात प्रागैतिहासिक पुरातत्त्वाचे अध्यासन सुरू झाले आणि १९२७ मध्ये त्याचे पहिले प्राध्यापक झाले चाइल्ड.

‘बांटकेरामिक’बाबत चाइल्ड यांनी वेगळी वाट धरली. नक्षीचे नाव सोडून त्यांनी नदीचे नाव घेतले. डॅन्यूबच्या खोऱ्यातून मध्य युरोपात पसरलेल्या या पहिल्या शेतकऱ्यांना ते ‘डॅन्यूबियन’ म्हणत आणि पुढे एक, दोन असे टप्पे पाडत. इंग्रजी वाचकाला नदी ठाऊक होती, नक्षी नव्हती. नाव गोड होते, वाक्यात बसत होते. पण यातही एक दावा होता, तो म्हणजे शेती या नदीच्या वाटेने वर सरकली हा. सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबलला सोयीचे नाव द्यावे आणि नंतर सगळा प्रोग्रॅम त्या नावाच्या अर्थावर अवलंबून राहावा, तसा हा प्रकार.

कलबूताच्या आकाराचा दगड

सर्वांत मजेशीर शब्द आहे ‘शूलाइस्टनकाइल’. जोडे शिवणारे कारागीर ज्या लाकडी साच्यावर चामडे ताणतात, त्याला मराठीत कलबूत म्हणतात. त्या कलबूतासारखा एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असलेला लांबट दगड म्हणजे हे हत्यार. इंग्रजीत त्याचे ‘शू-लास्ट सेल्ट’ झाले. ‘सेल्ट’चा इथे केल्टिक लोकांशी काही संबंध नाही; दगडी कुऱ्हाडीच्या पात्यासाठी पुरातत्त्वातील तो जुना शब्द आहे. म्हणजे जर्मन नावाचे भाषांतर करताना अर्धे चांभारकामातून आणि अर्धे लॅटिन वळणाच्या ग्रंथांतून घेतले गेले. नवख्या वाचकाने गोंधळावे अशीच ही जोडी आहे.

तरीही नाव निर्धोक होते, कारण ते फक्त आकार सांगत होते. हे हत्यार जमीन खणायची कुदळ असावी, असे चाइल्ड यांच्या पिढीला वाटे. पुढे पूर्व जर्मनीत त्याच काळातील लाकडी विहिरी सापडल्या. ओकच्या फळ्या तासून त्यांचे सांधे इतके नेटके जुळवले होते, की हे दगड सुतारकामाचे तासण्याचे हत्यार होते यावर आता फारसा वाद उरलेला नाही. नाव ‘कुदळ’ असे दिले गेले असते, तर ते बदलावे लागले असते. कलबूत कलबूतच राहिले.

‘वोनग्रुबं’ या शब्दाचे नशीब इतके चांगले नव्हते. त्याचा अर्थ राहण्याचा खड्डा. कोलोन शहराजवळच्या लिंडेनथाल येथे १९२९ ते १९३४ या काळात मोठे उत्खनन झाले. वेड्यावाकड्या खड्ड्यांत लोक राहत आणि शेजारच्या लांबलचक लाकडी इमारती धान्याची कोठारे होती, असा अर्थ उत्खननकारांनी लावला. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात त्याचे ‘पिट-ड्वेलिंग’ झाले आणि युरोपातील पहिले शेतकरी वाचकांच्या मनात खड्ड्यात राहू लागले. पुढच्या दशकात चित्र उलटे झाले. लांब इमारती हीच घरे होती. खड्डे होते भिंती लिंपायला माती काढल्याचे. गावाकडे नव्या घराशेजारी असा खड्डा अनेकांनी पाहिला असेल. भाषांतर अचूक होते, मूळ शब्दच चुकीचा होता आणि अचूक भाषांतराने चूक आणखी दूर नेली.

‘कुल्टूर’मध्ये धोका कोणता होता?

आता मुख्य शब्दाकडे. १९११ मध्ये बर्लिनचे प्राध्यापक गुस्ताफ कोसिना यांनी जर्मन वंशाच्या उगमावर एक छोटे पुस्तक काढले. मूळचे ते भाषाशास्त्रातले. त्यांचे सूत्र सरळ होते. नकाशावर एखाद्या प्रकारच्या भांड्यांचा स्पष्ट सीमा असलेला प्रदेश दिसला, की तो एका ‘कुल्टूर’चा प्रदेश. आणि असा प्रत्येक प्रदेश म्हणजे एका विशिष्ट ‘फोल्क’चा, जनसमूहाचा प्रदेश. भांडी मागे मागे शोधत जा, म्हणजे आजच्या जर्मनांचे पूर्वज कुठे कुठे राहत होते ते कळेल.

या पद्धतीला कोसिना ‘झीडलुंग्सआर्खेओलोगी’ म्हणत. शब्दश: भाषांतर होते वसाहतींचे पुरातत्त्व. इंग्रजीत नंतर याच अर्थाचा ‘सेटलमेंट आर्किऑलॉजी’ हा शब्द आला, पण त्याचा विषय वेगळा : गावे कशी वसली, पाणी, जमीन आणि बाजार यांच्याशी त्यांचे नाते काय. त्यामुळे कोसिनांचा शब्द केवळ शब्दकोश पाहून इंग्रजीत आणला, तर वाचक दुसऱ्याच गावाला पोहोचतो.

पहिल्या महायुद्धानंतर सीमा नव्याने आखल्या जात होत्या. कोसिनांनी १९१९ मध्ये व्हिस्टुला नदीचा प्रदेश हा प्राचीन काळापासून जर्मनांची मायभूमी असल्याचे सांगणारी पुस्तिका लिहिली. तो प्रदेश नव्या पोलंडमध्ये जात होता. खापराचा तुकडा आता जमिनीचा सात-बारा झाला होता. कोसिना १९३१ मध्ये वारले. दोन वर्षांनी सत्तेवर आलेल्या नाझींनी त्यांची पद्धत डोक्यावर घेतली.

चाइल्ड यांनी कोसिना बारकाईने वाचले होते. त्यांची पद्धत उपयोगी आहे, हेही ओळखले होते. तोवर ब्रिटनमध्ये सगळा भर काळाच्या पायऱ्यांवर होता : पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग. एकाच वेळी शेजारी शेजारी वेगवेगळे समाज कसे नांदत होते, ते या पायऱ्यांत दिसत नव्हते. ‘कुल्टूर’ने ते दिसते. १९२५ च्या ‘द डॉन ऑफ युरोपियन सिव्हिलायझेशन’मध्ये चाइल्ड यांनी अख्ख्या युरोपचा प्रागितिहास ‘कल्चर’ या एककाने मांडला. १९२२ पासून त्यांनी व्हिएन्ना, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी इथली संग्रहालये पालथी घातली होती. त्या सगळ्या कपाटांतला माल आता एका इंग्रजी पुस्तकात होता. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, ‘द डॅन्यूब इन प्रीहिस्टरी’मध्ये त्यांनी व्याख्याही दिली. भांडी, अवजारे, दागिने, दफनविधी, घरांचे आकार यांचे जे प्रकार सतत एकत्र आढळतात, ते मिळून एक कल्चर. व्याख्येत रक्ताला, कवटीच्या मापाला, वंशाला जागा नव्हती. अशा गटामागे एखादा लोकसमूह असेल, इतके ते मानत. पण लोकसमूह म्हणजे वंश नव्हे, हे ते ठासून सांगत. जर्मन शब्दाची चौकट त्यांनी घेतली, आतला वंश काढून ठेवला. या अर्थाने हे भाषांतरच होते, फक्त शब्दकोशात न सापडणारे.

मग ‘आर्य’ प्रकरण काय?

घसरण झाली ती १९२६ मध्ये. जर्मन अभ्यासक ज्या भाषाकुटुंबाला ‘इंडोगेर्मानिश’ म्हणत, त्याला इंग्रजीत ‘इंडो-युरोपियन’ म्हणत. जर्मन नावात जर्मनांना मानाचे पान मिळते, इंग्रजी नावात ते सगळ्या युरोपात वाटले जाते. चाइल्ड यांनी दोन्ही नावे टाळून पुस्तकाचे नावच ‘द आर्यन्स’ ठेवले. शब्द छोटा आहे आणि लोकांना माहीत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वत:ला आर्य म्हणवणारे प्रत्यक्षात भारत-इराणी शाखेचे लोक होते, याची त्यांना कल्पना होती. मराठी वाचकालाही हा शब्द लोकमान्य टिळकांच्या १९०३ मधील ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मुळे परिचित होता.

मूळस्थान जर्मनीत नव्हे तर दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात असावे, असा चाइल्ड यांचा कौल होता. म्हणजे निष्कर्ष कोसिनांच्या विरुद्ध. आर्यांचे श्रेष्ठत्व असलेच तर ते भाषेत, असेही त्यांनी मांडले. पण शेवटी शेवटी ते उत्तरेकडील लोकांच्या शरीरबळाचे कौतुक करून बसले. आज ती पाने वाचताना खटकतात आणि खटकायलाच हवीत. सात वर्षांनी तोच छोटा, सोपा, सगळ्यांना माहीत असलेला शब्द जर्मनीत सरकारी नोकरीतून ज्यूंना काढण्याच्या कायद्यात अवतरला. १९३३ मध्ये चाइल्ड यांनी एडिंबरातील व्याख्यानातून नाझींच्या वंशसिद्धांतावर उघड हल्ला चढवला. ‘द आर्यन्स’पासून त्यांनी पुढे अंतरच राखले.

स्कॉटलंड, लंडन आणि भारत

एडिंबरात असताना १९२८ ते १९३० दरम्यान त्यांनी ऑर्कनी बेटांवरील स्कारा ब्रे हे वाळूखाली जपले गेलेले दगडी गाव उकरले. त्याचा काळ त्यांनी आधी बराच अलीकडचा धरला होता. ते सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे निघाले. १९३६ च्या ‘मॅन मेक्स हिमसेल्फ’मधून नवाश्मयुगीन क्रांती आणि नागरी क्रांती या कल्पना सामान्य वाचकांपर्यंत गेल्या. १९४२ मधील ‘व्हॉट हॅपन्ड इन हिस्टरी’ पेंग्विनच्या स्वस्त आवृत्तीत प्रचंड खपले. १९४६ ते १९५६ ते लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्किऑलॉजीचे संचालक होते.

भारतात ते १९३३ मध्ये येऊन गेले. ऊन आणि गरिबी पाहून त्यांना हा प्रवास मुळीच आवडला नाही. मात्र सिंधू खोऱ्यातील नवी माहिती पाहून आपले पौर्वात्य जगावरील पुस्तक जुने झाल्याचे त्यांना पटले आणि त्यांनी ते नव्याने लिहिले. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर कोसंबी हे चाइल्ड यांच्या ग्रंथांचे जाणते वाचक होते.

पुरातत्त्वाचा शब्दही दख्खनमध्ये पोहोचला. हसमुख सांकलिया यांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरेट केली आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये ते रुजू झाले. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन झाले. लाल रंगावर काळी नक्षी आणि तोटीची भांडी, हे तिथले वैशिष्ट्य. तशीच भांडी नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथेही सापडत गेली आणि पहिल्या गावाचे नाव साऱ्यांना मिळाले : ‘जोर्वे कल्चर’, मराठीत ‘जोर्वे संस्कृती’. इथे भाषांतराची जुनी अडचण मराठीत पुन्हा उभी राहते. ‘संस्कृती’त ‘संस्कार’ दडलेला आहे. अमुक संस्कृती म्हटले की ती कोणाची, श्रेष्ठ की कनिष्ठ, हे प्रश्न लगेच येतात. तोटीचे भांडे यातले काहीच सांगत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननात हे लोक काय पिकवत आणि मृत मुलांना घराच्या जमिनीखाली मोठ्या कुंभांत कसे पुरत हे कळले. ते कोणती भाषा बोलत, हे भांड्यांवरून कळत नाही.

शेवटची आवृत्ती

१९५६ मध्ये चाइल्ड निवृत्त झाले आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी इन्स्टिट्यूटला देऊन टाकला. १९५७ मध्ये ‘डॉन’ची सहावी आवृत्ती आली. बत्तीस वर्षांत त्यांनी तेच पुस्तक पुन:पुन्हा दुरुस्त केले होते. तोवर रेडिओकार्बन कालमापनाचे आकडे येऊ लागले होते आणि त्यांनी मांडलेली युरोपची कालगणना त्यात टिकणार नव्हती. डॅन्यूबियन हे नावही पुढे मागे पडले. इंग्रजी संशोधक आता ‘लिनिअर पॉटरी’ लिहितात किंवा सरळ ‘एलबीके’. ही मूळच्या ‘लिनेआरबांटकेरामिक’ या जर्मन शब्दाचीच आद्याक्षरे आहेत.

त्याच वर्षी ते तब्बल साडेतीन दशकांनी ऑस्ट्रेलियात परतले. ज्या सिडनी विद्यापीठाशी त्यांचे तरुणपणी बिनसले होते, त्याने त्यांना मानद पदवी दिली. १९ ऑक्टोबर १९५७ रोजी ब्लू माउंटन्समधील गव्हेट्स लीप येथे कड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात असल्याचा निर्वाळा चौकशीत देण्यात आला. मात्र काही दिवस आधी त्यांनी लंडनमधील आपले उत्तराधिकारी प्राध्यापक ग्राइम्स यांना एक पत्र पाठवले होते आणि ते दहा वर्षे उघडू नये असे कळवले होते. म्हातारपण, कमी होत जाणारी स्मरणशक्ती आणि स्वत:च्या इच्छेने निरोप घेण्याचा विचार त्यात होता. ते पत्र १९८० मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात छापून आले.